उरलेल्या नळीचं बूच

सिलिकॉनच्या एका नळीत २८० मिलिलिटर माल असतो आणि बेसिनमागची फट असते अडीच विती. ही दोन मापं एकमेकांसमोर ठेवून कोणी कधी पाहिली असतील असं वाटत नाही. हिशेब शाळकरी आहे. नोझलमधून पाच मिलिमीटर जाडीची वात काढत गेलं तर एका नळीतून ती चौदा मीटर निघते. चौदा मीटर म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली सोडली तर पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटवर टेकेल एवढी. त्यातली अर्धा मीटर बेसिन खातं. सिंकच्या कडेनं फिरवली, खिडकीच्या चौकटीचा एक कोपरा भरला, उत्साहाच्या भरात जिथं काहीच गळत नाही अशा दोन ठिकाणी मारली, तरी दहा मीटर उरतेच. हे दहा मीटर घेऊन माणसानं जायचं कुठं, हा प्रश्न नळी बनवणाऱ्याला पडत नाही, विकणाऱ्याला पडत नाही. तो सरळ आपल्या घरी येतो आणि पाने-पकडीच्या ड्रॉवरमध्ये आडवा पडतो.

लहान नळ्या मिळत नाहीत असं नाही. हार्डवेअरवाला त्या दाखवतो, किंमतही सांगतो, आणि तिथंच घात होतो. पाव मालाला जवळजवळ निम्मे पैसे! ‘एवढ्याशा नळीला एवढे? मग मोठीच द्या की,’ हे वाक्य आपल्याकडे आपोआप तोंडातून बाहेर येतं. मोठी घेतल्यानं आपण दुकानदाराचा डाव ओळखला, असं आपल्याला वाटतं. दुकानदारालाही आपल्याला तसंच वाटायला हवं असतं. व्यवहार दोन्ही बाजूंच्या समाधानानं पार पडतो आणि तोट्यात गेलेला माणूस पिशवी हलवत घरी येतो.

या खरेदीचा एक हंगाम असतो. हवामान खात्याच्या वेळापत्रकाप्रमाणे मोसमी पाऊस १ जूनला केरळात आणि ११ जूनला मुंबईत यायचा असतो. मधल्या दहा दिवसांत ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांसमोर जी गर्दी दिसते, ती ताडपत्रीसाठी जितकी असते तितकीच सिलिकॉनसाठी. वर्षभर ज्या खिडकीकडे कोणी पाहिलेलं नसतं तिची आता घराघरात विचारपूस सुरू होते. ‘ट्रान्सपरंट की व्हाइट?’ असं दुकानदार विचारतो. ‘कुठल्यानं गळायचं थांबेल?’ असं गिऱ्हाईक विचारतं. ‘गळायचं दोन्हीनं थांबेल काका, व्हाइट दिसेल आणि ट्रान्सपरंट दिसणार नाही.’ मग काका ट्रान्सपरंट घेतात, कारण आपलं हस्तकौशल्य दिसू नये असं त्यांनाही मनातून वाटत असतं. ‘गन आहे ना घरी?’ गन असते. गन प्रत्येकाकडे असते. फक्त तिच्यात मागच्या वर्षीची नळी अडकलेली असते आणि ती निघत नसते.

आता ही मागच्या वर्षीची नळी. तिचं जे काही होतं त्याला आपण ‘वाळली’ म्हणतो आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. रंग वाळतो, फेव्हिकॉल वाळतो. त्यांच्यातलं पाणी किंवा थिनर उडून जातं आणि मागं घट्ट माल राहतो. सिलिकॉनचं नेमकं उलटं आहे. त्यातून काही उडून जाण्याआधी हवेतली वाफ आत शिरावी लागते. वाफ मिळाली की आतल्या लांबलचक साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, मलमाचं रबर होतं आणि जाता जाता ॲसेटिक आम्ल सुटतं. नळी फोडल्यावर नाकात जाणारा तो व्हिनेगरचा वास त्याचाच. थोडक्यात, हवेतला ओलावा हा या मालातला शेवटचा घटक आहे आणि तो कंपनीनं नळीत न भरता आपल्या हवेवर सोपवलेला आहे. मुंबईच्या जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे आपण नळीचं तोंड उघडं टाकून झोपलो की रात्रभर अख्खं शहर तिच्यावर काम करत असतं.

आमचे एक नातेवाईक अकोल्याला असतात. ‘आमच्याकडे उघडी नळी कितीतरी दिवस टिकते,’ असं ते दर भेटीत सांगतात. खरं असणार. अकोल्याच्या मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की सिलिकॉनलाही घटकाभर काय करावं ते सुचत नसेल. पण अकोल्याच्या मे महिन्यात गळतं काय, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. नातं टिकवायचं असतं.

घट्ट होण्याची ही क्रिया चालते मात्र फार सावकाश. वर साय धरायला दहा-वीस मिनिटं पुरतात. पुढं दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या चालीनं ती आत सरकते आणि जसजशी खोल जाते तसतशी आणखी मंदावते. नोझलची लांबी आठ-दहा सेंटिमीटर. म्हणजे पहिले काही आठवडे नळी आतून ठणठणीत असते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत तिची कोणाला गरज नसते. गळती नुकतीच बंद झालेली असते, पंचमी-राखीपौर्णिमा तोंडावर आलेली असते. नंतर ओलावा नुसता तोंडातूनच येतो असंही नाही. प्लास्टिकच्या भिंतीतून आणि मागच्या दट्ट्याच्या कडेनं तो हळूहळू झिरपतच असतो. म्हणून तर न फोडलेल्या नळीवरही बहुधा वर्षभराचीच मुदत छापलेली असते, तीही अशा जागी आणि अशा शाईनं की ती वाचता येईपर्यंत ती उलटून जावी.

गंमत अशी की ओलाव्याशी कसं वागायचं याचं शिक्षण मराठी घराला द्यायची गरजच नाही. कैरीचं लोणचं वर्षभर टिकवणारी ही माणसं. बरणी उन्हात तापवायची, हात कोरडा करायचा, डाव ओला घालायचा नाही, वर दोन बोटं तेल यायला हवं, तोंडाला दादरा घट्ट बांधायचा आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवायची. सिलिकॉनच्या नळीचे नियम याहून एका अक्षरानंही वेगळे नाहीत. आमच्या आजीच्या हातात कोणी अर्धी नळी दिली असती तर तिनं ती याच पद्धतीनं दोन वर्षं आरामात सांभाळली असती. मुख्य म्हणजे घरातल्या पुरुषांना तिनं तिच्या आसपास फिरकू दिलं नसतं, आणि अर्धं काम तिथंच झालं असतं. पण झालंय असं की लोणचं गेलं एका पिढीकडे, एका खोलीकडे, आणि नळी गेली दुसरीकडे. दोघांची गाठ पडत नाही. बरणीला ओला चमचा लागला म्हणून घर डोक्यावर घेणारा गृहस्थ ओल्या हातानं नळीचं तोंड पुसतो आणि ती न्हाणीघरातल्या फळीवर ठेवतो. न्हाणीघरात!

तर मुद्दा बुचाचा. उरलेल्या नळीला बूच कशाचं मारावं याबद्दल आमच्या सोसायटीत मतभेद आहेत आणि ते पाण्याच्या टाकीच्या खर्चाबद्दलच्या मतभेदांपेक्षा जुने आहेत. बहुमत खिळ्याच्या बाजूनं आहे. तीन इंची खिळा नोझलमध्ये खुपसायचा, की झालं. दिसायला फार समाधानकारक. पण सुटलेलं आम्ल लोखंडाला सोडत नाही. खिळा गंजतो, तांबूस पाणी धरतो, आणि पुढच्या वर्षी ओढायला जावं तर डोकं हातात येतं. तळमजल्यावरचे एक जण इन्सुलेशन टेप गुंडाळतात. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो आणि ड्रॉवरमधले सगळे पाने, पकडी आणि एक जुनं रेशनकार्ड त्या नळीला चिकटून एकगठ्ठा वर येतात. कोणी नोझलच्या तोंडाला व्हॅसलीन भरतं. हे तेलाच्या थरासारखंच, कल्पना चांगली. फक्त पुढच्या वेळी व्हॅसलीन लागलेला पहिला इंचभर माल पिळून टाकून द्यायचा असतो, नाहीतर तो भिंतीला धरत नाही. पण ज्यानं तो माल वाया जाऊ नये म्हणून व्हॅसलीन भरलं, तो इंचभर टाकून देणार कसा?

करोनाच्या काळात आणलेल्या हातमोज्यांच्या पेट्या अजून ज्यांच्याकडे आहेत ते मोज्याचं बोट कापून नोझलवर चढवतात आणि वर रबर बांधतात. हे काम नीट होतं. याच कामासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी दुसरी एक रबरी वस्तू त्याहून सरस, असंही जाणकार सांगतात. ती सरस असेलही. पण गणपतीत आलेल्या मावशी कात्री शोधायला तो ड्रॉवर उघडणार, आणि मग सिलिकॉन, आर्द्रता, ॲसेटिक आम्ल हे सगळं त्यांना पहिल्यापासून समजावून सांगणार कोण?

यात शास्त्रशुद्ध म्हणावेत असे एकटे दुसऱ्या मजल्यावरचे नाना. नाना निवृत्त आहेत आणि बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या ‘खाऊ नये’ असं लिहिलेल्या पुड्या गेली अनेक वर्षं जमवतात. या पुड्या ओलावा शोषतात, तेव्हा हवाबंद डब्यात नळी आणि पुड्या एकत्र ठेवाव्यात, हा त्यांचा सिद्धांत पूर्णपणे बरोबर आहे. अडचण डब्याची आली. नोझलसकट नळी उभी मावेल असा हवाबंद डबा घरात एकच निघाला, तो पापडांचा. नानांनी पापड दुसरीकडे हलवले आणि नळी आत घातली. हे त्यांनी घरात सांगितलं नाही. काही दिवसांनी काकूंनी ओळखीच्या डब्यात पुन्हा पापड भरले, कारण तो पापडांचाच डबा होता. नळी छान टिकली. त्या वर्षी नानांकडच्या पापडांना मात्र भाजल्यावर एक आंबूस, विदेशी चव येत असे. आम्ही सगळ्यांनी ते खाल्ले. वाढल्यावर नाही कसं म्हणायचं.

फ्रीजचा मार्गही काहींनी चोखाळून पाहिला आहे. थंडीत क्रिया मंदावते हे खरं, आणि सिलिकॉन घरच्या फ्रीजरमध्ये गोठतही नाही. पाण्यात कालवलेलं ॲक्रिलिक मात्र चुकूनही ठेवू नये, ते गोठलं की फाटतं आणि परत जमत नाही. पण शास्त्राची परवानगी मिळाली तरी गृहखात्याची मिळायला हवी. फ्रीजच्या दारात आधीच डोळ्यांचे थेंब, अर्धी कापलेली लिंबं आणि कुठल्यातरी लग्नातला उघडा गुलकंद असतो. त्यात ही नळी ठेवू पाहणाऱ्याला जे ऐकावं लागतं ते हवाबंद असतं. बाहेर येत नाही.

सर्वांत चांगला उपाय सांगून ठेवतो, जरी तो कोणी करणार नाही याची मला खात्री आहे. काहीच करायचं नाही. काम संपलं की गनचा खटका दाबून दट्ट्याचा जोर सोडायचा, नाहीतर नळी पुढचा तासभर आपल्याला नको असताना माल बाहेर टाकत बसते. नंतर नोझलच्या टोकाला हरभऱ्याएवढा गोळा येईल इतकंच पिळायचं आणि तसंच ठेवून द्यायचं. टोकाचा माल रबर होतो, आणि त्या रबराचंच बूच तयार होतं. नोझलच्या अंगाला बरोबर बसणारं, आत तसूभर हवा न ठेवणारं असं बूच बाजारात कुठल्याही किमतीला मिळणार नाही. पुढच्या वेळी ते उपटायचं किंवा नोझलच बदलायचं. पण ‘काही न करणं’ हा उपाय पुरुषमाणसाला पटवणं कठीण असतं. हातात गन आहे, कमरेला चिंधी आहे, घरातले बघतायत, आणि शेवटी म्हणायचं काय, तर राहू दे असंच? खिळा ठोकल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही.

वर्षभरानं नळी पुन्हा उघडण्याचा विधी नानांच्या हातचा बघावा. लाकडाचा लांब स्क्रू ते नोझलमधल्या रबरात फिरवत फिरवत उतरवतात, पकडीनं स्क्रूचं डोकं धरतात आणि पाय भिंतीला लावून ओढतात. सगळं जुळून आलं तर नोझलच्या आकाराची अखंड रबरी मुळी ‘फट्’ आवाज करून बाहेर येते आणि मागून ताजा, चकचकीत माल डोकावतो. त्या क्षणी नानांचं वय तीस वर्षांनी कमी होतं. जुळून आलं नाही तर काय होतं ते नानांच्या बैठकीतल्या छतावर आहे.

मागून डोकावलेला माल ताजा दिसला तरी त्याच्यावर लगेच विश्वास टाकू नये. मुदत उलटलेल्या सिलिकॉनची एक खोड असते. ते भिंतीवर जातं, बसतं, आणि घट्टच होत नाही. आठ दिवसांनी बोट लावावं तरी चिकट. नळीत होतं तेव्हा रोखून धरता धरता नाकीनऊ आले, आणि जिथं घट्ट हो म्हणून आणलं तिथं ते ढिम्म. म्हणून आधी प्लास्टिकच्या तुकड्यावर एक थेंब काढून दुसऱ्या दिवशी पाहावा. रबर झाला तर घ्यावा कामाला, नाहीतर नमस्कार करावा.

आणि घट्ट झालं तरी ते धरेलच असं नाही. सिलिकॉनवर काहीही चिकटत नाही. रंग चिकटत नाही, सिमेंट चिकटत नाही, आणि नवं सिलिकॉनसुद्धा जुन्या सिलिकॉनला नीट धरत नाही. गेल्या वर्षीच्या वातीवरच यंदाची वात मारली की पहिल्या मोठ्या सरीला पाणी दोन्हींच्या मधून वाट काढतं. यावर घरात निकाल लागतो तो ‘नळी शिळी होती’ असा. बिचारी नळी निर्दोष असते. जुनं सगळं ब्लेडनं खरवडून, सांधा कोरडा करून, स्पिरिटनं पुसून मग मारायला हवं होतं. त्यात एक रविवार जातो, आणि क्रिकेटचा सामना नसलेला रविवार शोधण्यात पावसाळा जातो.

सिलिकॉन निदान उरतं तरी शांतपणे. एम-सील उरतं तेव्हा मात्र घरात धावपळ होते. एम-सीलच्या दोन कांड्या असतात. दोन्हींचे सारखे तुकडे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळायचे, की तासाभरात दगड. मळताना अंदाज हमखास चुकतो, कारण आपण सगळे कणीक मळणाऱ्यांच्या घरात वाढलेलो आहोत आणि ‘दोन पोळ्या जास्त असू देत’ हे आपल्या हाताला सांगावं लागत नाही. नळाच्या सांध्याला लागतं बोराएवढं. हातात उरतो लिंबाएवढा गोळा, आणि तो मिनिटामिनिटाला कोमट होऊन आपला काळ संपत आल्याचं कळवत असतो. आता यजमान घरभर फिरू लागतात. ‘काय तुटलंय? लवकर सांगा, काय तुटलंय?’ बादलीचं कडं भरलं जातं. समईचा डुगडुगणारा पाय भरला जातो. चार्जरच्या वायरीचा वाकलेला गळा, छत्रीची मूठ, खिडकीच्या गजामागचं भोक, ज्यातून मुंग्या येत नव्हत्या पण येऊ शकल्या असत्या. एका घरी या भरात चालू घड्याळाची किल्ली जागेवर बसवून टाकल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. घरात जिथं जिथं करडी फुगीर गाठ दिसते तिथं तिथं कधीतरी नळ गळत होता, असं खुशाल समजावं.

ॲरल्डाइटच्या दोन नळ्यांची कहाणी याहून त्रोटक. एक चिकट, एक ते चिकट घट्ट करणारी. घाईत एकीचं झाकण दुसरीला लागतं, झाकणाच्या आत दोघांची गाठ पडते, आणि मग ती झाकणं या जन्मी निघत नाहीत. सामान उरलेलं असतं, दिसतही असतं. घेता येत नसतं.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाचं श्रेय मात्र दिलंच पाहिजे. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर हे अमेरिकन रसायनतज्ज्ञ कोडॅकमध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. एक द्रव सापडला आणि तो ज्याला लागेल त्याला चिकटून बसू लागला, म्हणून वैतागून बाजूला ठेवला गेला. पुढं १९५८ मध्ये तोच बाजारात आला. त्यालाही घट्ट व्हायला ओलावाच लागतो, म्हणून बोटांना तो सगळ्यांत आधी धरतो. पण आपल्याकडे तो विकणाऱ्यांनी माणूस नीट ओळखला. अर्ध्या ग्रॅमची चिमुकली नळी काढली, किंमत अशी ठेवली की उरलेली टाकताना जीव तुटू नये. तरीही तिला टाचणी लावून देवघराच्या खणात उभी करून ठेवणारे आहेत. मी त्यांना ओळखतो, आणि गरज पडली की त्यांच्याकडेच जातो. उपयोग झालेला नाही, पण चहा चांगला मिळतो.

जुन्या वस्तूंना ही चिंता नव्हती. लाकडी खिडकीच्या काचेभोवती भरायची ती पुटी, म्हणजे खडूची भुकटी आणि जवसाचं तेल. जवसाच्या तेलाला घट्ट व्हायला हवेतला प्राणवायू लागतो, म्हणून पुटीचा उरलेला गोळा कारागीर चक्क पाण्यात बुडवून ठेवत. आपण पाणी अडवायला जो माल आणतो तो पाण्यापासून वाचवतो, आणि त्यांचा माल पाणीच वाचवत होतं. राळ तर आणखी सोयीची. नौदलात २०२५ च्या मे महिन्यात कारवारला दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून घडवलेलं आहे. गोव्यात ते बांधलं गेलं, फळ्या खिळ्यांवाचून काथ्याच्या दोरानं शिवल्या गेल्या आणि फटींना नैसर्गिक राळ लावली गेली. राळ उरली तर उद्या पुन्हा तापवायची, पुन्हा पातळ होते. हवं तितक्या वेळा. सिलिकॉन एकदाच घट्ट होतं आणि मग त्याला मागं फिरणं माहीत नाही. दीड हजार वर्षांनी आपण फट बुजवण्याच्या कामात एवढी प्रगती केली आहे की उरलेल्या मालाचं करायचं काय, हा नवा उद्योग प्रत्येकाला घरबसल्या मिळाला.

या सगळ्यात उरलेली नळी खऱ्या अर्थानं जगते ती एकाच ठिकाणी, प्लंबरच्या पिशवीत. तो तिला बूच मारत नाही, पापडांच्या डब्यात ठेवत नाही. सकाळी एका घरी फोडतो, दुपारी दुसऱ्या घरी मारतो, संध्याकाळपर्यंत चौदा मीटर संपलेले असतात. त्याच्या हातून जे वाया जात नाही ते आपल्या हातून वर्षभर जात असतं. पण काम झाल्यावर तो अर्धी नळी पिशवीत टाकू लागला की आपल्या आतला मालक जागा होतो. ‘भाऊ, नळी इथंच राहू दे. पैसे मी दिलेत.’ तो एकदा नळीकडे, एकदा आपल्याकडे पाहतो. या दोघांचं पुढं काय होणार हे त्याला ठाऊक असतं. ‘ठेवा साहेब,’ म्हणून तो निघून जातो. पुढच्या वर्षी तो येतो तेव्हा ती नळी आपण त्याला मोठ्या ऐटीत काढून देतो. तो ती हलवून बघतो, खाली ठेवतो आणि म्हणतो, ‘नवीन मागवा.’

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यंदा एकानं विचारलं, ‘कोणाकडे उघडलेली सिलिकॉनची नळी आहे का? थोडंच हवंय.’ तासाभरात इतकी उत्तरं आली की इमारतीत एकही घर बिननळीचं नाही हे उघड झालं. सगळ्यांकडे होती. चालू एकाकडेही नव्हती. मग चिटणीसांनी सूचना मांडली की मे महिन्यातला एक रविवार ठरवावा, सोसायटीच्या खर्चानं दोनच नळ्या आणाव्यात आणि एकाच दिवशी सगळ्या मजल्यांवर फिरवून संपवाव्यात. माझ्या मते या विषयावर आजवर मांडला गेलेला हा सर्वांत शहाणा विचार होता. सभेत तो चर्चेला आला. वरून सुरुवात करायची की खालून, यावर चर्चा अडली. वरून केली तर तळमजल्यापर्यंत माल उरणार नाही, आणि खालून केली तर गळतं वरच्यांकडेच. मग ज्यांच्याकडे खिडक्या जास्त त्यांनी वर्गणी जास्त द्यावी का, असा एक उपमुद्दा निघाला. नळ्या दोन आणाव्यात, पण उरलेली नळी कोणाकडे राहील हे ठरल्याशिवाय खर्चाला मंजुरी देऊ नये, असं खजिनदारांचं म्हणणं पडलं. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढची सभा दिवाळीनंतर आहे.

नानांनी मात्र एकट्यानं मार्ग काढला आहे. पार घट्ट झालेली एक जुनी नळी त्यांनी कटरनं उभी चिरली. आत मनगटाएवढ्या जाडीचा, गुळगुळीत, अर्धपारदर्शक रबरी दांडका निघाला. १९६९ साली चंद्राच्या धुळीत ज्या बुटांचे ठसे उमटले त्यांचे तळ सिलिकॉन रबराचेच होते, ही माहिती नानांना होतीच. ती त्यांनी जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला दिली. दांडक्याच्या त्यांनी सुरीनं चकत्या पाडल्या. चार वॉशिंग मशीनच्या पायांखाली गेल्या आणि मशीनचं नाचणं खरोखर थांबलं. दोन मिक्सरखाली, एक दाराच्या मागं, एक डुगडुगणाऱ्या स्टुलाला. चार चकत्या ते आम्हालाही देऊन गेले. एवढं करून निम्मा दांडका उरला. नानांनी तो कॅरीबॅगेत गुंडाळला, वर रबर लावलं आणि ड्रॉवर उघडला.

काकू पापड लाटत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, ‘याला तरी बूच लागत नाही ना?’